त्या सरांची जागा मी घेतली होती

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी फोन केला तेव्हा म्हणाले, "मॅडम, आफ्रिकेतल्या खेड्यात शिकवलंत, त्यावर काहीतरी प्रेरणादायी बोला." मी हो म्हटलं. नंतर बसमध्ये विचार करत बसले. प्रेरणादायी असं माझ्याजवळ फार नाही. दोन चुका आहेत, त्या सांगते. मधे मधे गमती सांगेन, म्हणजे तुम्हाला झोप येणार नाही.

आधी माझ्याबद्दल. मी मुरूड तालुक्यातली. किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर पाण्यात जंजिरा दिसतो. सिद्द्यांचा किल्ला. म्हणजे आफ्रिका आमच्या दारासमोर कधीपासून उभी आहे, पण ती आफ्रिका आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. सातवीपर्यंत मी जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत होते, आठवी ते दहावी मराठी हायस्कूलला, आणि अकरावी सायन्सला एकदम इंग्रजी. घरात आमची कोकणी बोली ती वेगळीच. अकरावीचं ते वर्ष मी वर्गात एक शब्द बोलले नाही. येत नव्हतं असं नाही. येत होतं ते तिसऱ्याच भाषेत येत होतं.

पुढे बी.एस्सी., बी.एड. झालं आणि एका हायस्कूलला तासिका तत्त्वावर लागले. तुमच्यापैकी ज्यांच्या घरात शिक्षक आहेत त्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. जेवढे तास तेवढे पैसे, तेही कधी तीन महिन्यांनी. दोन वर्षं शिकवलं. मग दुसऱ्या शाळेतल्या अतिरिक्त शिक्षकाचं आमच्याकडे समायोजन झालं आणि एका शनिवारी मला सांगितलं, सोमवारपासून यायची गरज नाही. मुलांना 'येते' म्हणायलाही मिळालं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

घरी बसले होते, स्थळं यायला लागली होती, भरतीचा पत्ता नव्हता. तेवढ्यात एका संस्थेची जाहिरात पाहिली. टांझानियात माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवायला वर्षभर स्वयंसेवक हवेत. विमानाचं तिकीट, राहायला खोली, महिन्याला खर्चापुरते पैसे. माझी खाला म्हणाली, "आपल्याकडे पोरं कमी पडली काय गं तुला?" बरोबर होता तिचा प्रश्न. सेवा वगैरे मनात होती, पण थोडीच. जास्त होतं ते घरातून बाहेर पडायचं, आणि कुणीतरी मला पुन्हा मॅडम म्हणावं, हे. गंमत बघा, मी जानेवारी २०२३ मध्ये गेले आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये इकडे शिक्षक अभियोग्यता चाचणी झाली. ती हुकली. अब्बांनी ते अजून बोलून दाखवलेलं नाही, पण दिसतं.

टांझानियाच्या नकाशात अगदी खाली, मोझांबिकच्या सीमेला लागून म्त्वारा प्रांत आहे. तिथे नेवालाचं पठार. पठाराच्या कड्यावर उभं राहिलं की खाली रुवुमा नदीचं खोरं दिसतं. एका जागेला लोक 'शिमो ला मुंगू' म्हणतात, देवाचा खड्डा. नदी दिसते, पण पठारावर पाणी नाही. मुलं शाळेत येताना दप्तराबरोबर पिवळा कॅन घेऊन यायची. लोक माकोंडे. शिसवीसारख्या काळ्या लाकडातलं त्यांचं कोरीवकाम जगभर जातं. बहुतेक मुसलमान. आणि सगळीकडे काजू. आमच्याकडे जसा पोर्तुगिजांनी आणला तसाच तिकडेही त्यांनीच आणला. म्त्वारा बंदरातून कच्चा काजू निघतो तो मोठ्या प्रमाणात आपल्याकडेच येतो. आमच्या गावात सोललेला काजू कदाचित त्या मुलांच्या आईनेच वेचलेला असेल. बोंडूची दारू तेही गाळतात. इमामसाहेब त्यावर दर जुम्याला रागावतात, हेही ओळखीचं वाटलं.

पहिल्या दिवशी मुलं मला बघून कुजबुजली, "म्हिंदी, म्हिंदी." म्हिंदी म्हणजे हिंदुस्थानी. आणि मक्याला म्हणतात माहिंदी. त्यामुळे एका लहान मुलाला मी मक्यातून आले असं वाटलं की काय, तो माझ्याकडे बघून खूप हसला. भाषेत तर पावलोपावली आपलं माणूस भेटायचं. किताबू, कलामू, करातासी, दुका, पेसा, चाय, चपाती, पिलाऊ. तयार असेल तर 'तयारी'. आंब्याला 'एंबे'. सरकारला 'सेरिकाली'. अम्मीला फोनवर मी महिनाभर रोज एक शब्द सांगायचे आणि ती म्हणायची, "हे तर आपलंच."

पण एका गोष्टीने मला चांगलंच फसवलं. तिथे दिवस सूर्य उगवल्यापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. मला सांगितलं, बस बारा वाजता. मी दुपारी बाराला जेवून डबा घेऊन थांब्यावर. बस सकाळी सहालाच गेलेली. रमजानमध्ये इफ्तार साडेबाराला असं ऐकलं तेव्हा मात्र मी हुशार झाले होते.

लहान मूल मोठ्या माणसाला भेटलं की 'शिकामो' म्हणतं. त्याचा अर्थ सांगतात, मी तुमचे पाय धरतो. मोठ्यांनी उत्तर द्यायचं, 'मराहाबा'. आता आमच्या मोहल्ल्यात पाया पडावं की नाही यावर किती वाद होतात तुम्हाला माहीत आहे. इथे मशिदीतून बाहेर पडणारे आजोबा मुलांचं शिकामो घेत घेत घरी जातात, कुणाला त्यात काही खटकत नाही. आणखी एक. माकोंड्यांत कूळ आईकडून चालतं. मुलाचा मामा बापापेक्षा मोठा. पालकसभेला मी 'वडिलांना आणा' म्हटलं तर निम्मी मुलं मामाला घेऊन आली. आपण 'आपल्यात असंच असतं' असं जे ठासून सांगतो ना, ते मी तिथून आल्यापासून जरा हळू आवाजात सांगते.

आणि हो, मला बरेचदा विचारलं गेलं, "तू म्हिंदी आणि मुसलमान? असं असतं?" इकडे काय विचारलं जातं ते तुम्हाला माहीतच आहे. तिथे हा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा होता, त्यामुळे मला खुर्चीवर बसून निवांत उत्तर देता आलं. इतिहासाच्या सरांनी एकदा मला त्यांचा तास दिला. त्यांच्या पुस्तकात किल्वा, बागामोयो, गुलामांचा व्यापार, हे सगळं होतं. मी मलिक अंबरची गोष्ट सांगितली. इथियोपियातला मुलगा, गुलाम म्हणून विकला गेला, हात बदलत दख्खनमध्ये आला, निजामशाहीचा वजीर झाला, मुघलांशी लढला, १६१० मध्ये त्याने खडकी शहर वसवलं, तेच पुढचं औरंगाबाद. वजीरला स्वाहिलीत 'वाझिरी' म्हणतात, म्हणजे मंत्री. वर्ग एकदम गप्प. मग मागून एकाने विचारलं, "तो परत आला का घरी?" मी म्हटलं, नाही. हा प्रश्न मला इतिहासाच्या कुठल्याही परीक्षेत कुणी विचारला नव्हता.

आता मूळ गोष्ट.

टांझानियात पहिली ते सातवी सगळं शिक्षण स्वाहिलीत. ज्युलियस न्येरेरे, त्यांचे पहिले राष्ट्राध्यक्ष, स्वतः शिक्षक होते. आजही त्यांना लोक 'म्वालिमू' म्हणतात, म्हणजे गुरुजी. त्यांनी स्वाहिलीला देशाची भाषा केलं, शेक्सपियरची नाटकं स्वतः स्वाहिलीत आणली. पण माध्यमिक शाळा इंग्रजीच राहिली. म्हणजे सातवी संपवलेलं मूल जानेवारीत फॉर्म वनला बसतं आणि विज्ञान, गणित, भूगोल सगळं इंग्रजीत सुरू होतं. २०१६ पासून सरकारी माध्यमिक शाळांतली फी गेली, वर्ग भरून गेले. आमच्या फॉर्म वनला ९६ मुलं, बाकं चाळीस. आणि शांतता अशी की बाहेरून वाटावं वर्ग रिकामा आहे. मी ती शांतता ओळखली पाहिजे होती. माझीच अकरावी होती ती.

शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, इंग्रजीत बोला. एक लाकडाचा तुकडा होता, दोरी लावलेला. जो स्वाहिली बोलेल त्याच्या गळ्यात तो जायचा. त्याने दुसऱ्याला पकडलं की त्याच्या गळ्यात. संध्याकाळी ज्याच्याकडे असेल त्याला छडी. तिथल्या नियमांत शाळेत छडीला परवानगी आहे.

माझा दुसरा आठवडा. भूमिती. मी फळ्यावर आयत काढला आणि इंग्रजीत विचारलं, याला काय म्हणतात? शांतता. पुन्हा विचारलं. मागच्या बाकावर एक मुलगी होती, पांढरा हिजाब, बारीकशी. ती उठली आणि म्हणाली, "म्स्तातिली."

उर्दू शाळेत शिकलेल्यांनी हात वर करा. आयताला आपण काय म्हणायचो? मुस्ततील. चौरसाला मुरब्बा, तिकडे म्राबा. वर्तुळाला दायरा, तिकडे दुआरा. शून्याला सिफर, तिकडे सिफुरी. अर्ध्याला निस्फ, तिकडे नुसू. त्रिकोणाला मात्र पेंबेतातू. पेंबे म्हणजे कोन, तातू म्हणजे तीन, अगदी आपल्या मराठी त्रिकोणासारखा बांधलेला. म्हणजे त्या सबंध शाळेत, त्या मुलीचं उत्तर बरोबर आहे हे ऐकताक्षणी जिच्या हाडात पोचलं अशी बाहेरून आलेली एकटी मी होते. आणि मी काय केलं? नवीन होते, नियम पाळायची घाई होती, हेडसर खिडकीतून जाताना दिसले होते. मी तो लाकडाचा तुकडा तिच्या गळ्यात घातला.

संध्याकाळी तिला छडी बसली. मी स्टाफरूममध्ये वह्या तपासत होते. आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी ती आली, पण माझ्या तासाला वर बघितलं नाही. दोन आठवडे नाही. मी मधल्या सुट्टीत तिला बोलावलं, मोडक्यातोडक्या स्वाहिलीत 'समाहानी' म्हटलं, माफ कर. ती लाजली. शिक्षिकेने माफी मागितली हेच तिला पेलेना. मग म्हणाली, "आधीचे सर दार लावून घ्यायचे."

कोण आधीचे सर?

हळूहळू कळलं. माझ्याआधी गणिताला एक तरुण शिक्षक होते. विद्यापीठाची पदवी होती, सरकारी नेमणूक नव्हती. नेमणुकीला तिकडे 'अजिरा' म्हणतात. पदवी घेऊन अजिराची वाट बघणारे शिक्षक त्या देशात खूप आहेत आणि त्यांतले कित्येक गावच्या शाळेत स्वयंसेवक म्हणून शिकवतात. आमच्या शाळेत पालक वर्गणी काढून या सरांना महिन्याला ८०,००० शिलिंग द्यायचे, म्हणजे आपले तीन हजारांच्या आत. फी बंद झाल्यापासून वर्गणीची सक्ती करता येत नाही, त्यामुळे ती गोळा करणं समितीला जडच जायचं. अशात संस्थेचं पत्र आलं, परदेशातून गणिताची शिक्षिका येते आहे, विनामूल्य. समितीने वर्गणी थांबवली. सरांना डिसेंबरात सांगितलं, जानेवारीपासून यायची गरज नाही.

मी हेडसरांना विचारलं. त्यांनी जराही लपवलं नाही. म्हणाले, "मॅडम, शाळेला आठ शिक्षक हवेत, आहेत पाच. तुम्ही फुकट आलात. मी काय करायला हवं होतं?" मला उत्तर आलं नाही. अजूनही नाही. माणूस चांगला होता. मला काढणारे आमचे हेडसरही वाईट नव्हते.

त्या रात्री मी पत्र्यावर पडणारा पाऊस ऐकत जागी होते. संस्थेच्या प्रशिक्षणात आम्हाला मलेरियाच्या गोळ्या, साप, दागिने घालू नका, मुलांचे फोटो टाकू नका, सगळं सांगितलं होतं. तुम्ही कुणाच्या खुर्चीवर बसणार आहात, ते विचारा, असं कुणी सांगितलं नव्हतं. आणि मला न सांगताही ते सुचायला हवं होतं, कारण त्या खुर्चीवरून मी नुकतीच उठवली गेले होते.

सर कुठे आहेत विचारलं. बाजारात मोटारसायकलवर प्रवासी नेत होते. बोडाबोडा म्हणतात. मी स्टाफरूममधल्या बाईंना सोबत घेऊन गेले. या बाई जबरदस्त. बीबी टिटी मोहम्मद यांच्या भक्त. दार एस सलाममध्ये गाण्याच्या मंडळात गाणारी ही मुसलमान बाई १९५५ मध्ये न्येरेरेंच्या पक्षाच्या महिला शाखेची प्रमुख झाली आणि हजारो बायका स्वातंत्र्याच्या चळवळीत आणल्या. आमच्या बाई कुठलंही अवघड काम निघालं की 'बीबी टिटी असती तर' म्हणायच्या. तर त्या दिवशी म्हणाल्या, "बीबी टिटी असती तर आधी पोटभर खाऊन गेली असती." आम्ही मांडाझी खाल्ले आणि गेलो.

सर मला ओळखत होते. सगळं गाव ओळखत होतं. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सीट पुसली, म्हणाले, बसा, कुठे सोडू? मी भरती, तासिका, शनिवार, सगळं सांगितलं. बाई भाषांतर करत होत्या, मधेच थांबून मला विचारलं, "तुमच्याकडेही?" सर पहिल्यांदा हसले.

पुढचं सांगताना मला नीटनेटकं करून सांगता येणार नाही, कारण ते तसं झालं नाही. मी म्हटलं, मी जाते परत. हेडसर म्हणाले, तुम्ही गेलात तर वर्गणी पुन्हा सुरू होईलच असं नाही, काजूचा पैसा ऑक्टोबरनंतर येतो, तोवर लोकांकडे काही नाही, मग ना तुम्ही ना तो. खरं होतं. शेवटी एप्रिलमध्ये ईदनंतर असं ठरलं की फॉर्म वन आणि टूचं गणित सर शिकवणार. मी विज्ञान घेणार आणि त्यांच्या तासाला मागे बसणार. त्यांचे निम्मे पैसे समितीने कसेबसे काढले. निम्मे मी माझ्या खर्चाच्या पैशातून दिले. हे संस्थेच्या नियमात बसत नव्हतं. मी कळवलं नाही. चूक की बरोबर, तुम्ही ठरवा. मी गेल्यावर ते पैसे कोण देणार हा प्रश्न मी तेव्हा विचारला नाही, एवढं मात्र चूक होतं.

सरांचा तास मी पहिल्यांदा पाहिला तो दिवस आठवतो. आले, दार लावलं, खिडकीशी एका मुलाला उभं केलं. पहारा. मग स्वाहिलीत सुरू. म्स्तातिलीच्या बाजू किती? समोरासमोरच्या कशा? शहाण्णव मुलं एकाच वेळी बोलत होती. मासळी बाजार. समजलं अशी खात्री झाल्यावर फळ्याच्या उजव्या बाजूला इंग्रजी शब्द लिहायचे, तीनदा म्हणून घ्यायचे, वहीत उतरवायला लावायचे. परीक्षा इंग्रजीत आहे, ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पाहरेकरी खोकला की सगळा वर्ग एका सुरात इंग्रजीत पाढे म्हणायला लागायचा. मी मागच्या बाकावर त्या मुलीशेजारी बसले होते. तिने माझ्या वहीत डोकावून माझा स्वाहिली शब्द दुरुस्त केला.

विज्ञानाला मी तेच करायला लागले. दार लावायचं. प्रकाशसंश्लेषणाला स्वाहिलीत 'उसानिसिनुरू' म्हणतात. हा शब्द मुलांनाही माहीत नव्हता, पण त्यातला नुरू, म्हणजे नूर, उजेड, हा सगळ्यांना माहीत होता. तिथून धरून पुढे गेलो. लाकडाचा तुकडा? तो बंद झाला असं मला सांगायला आवडलं असतं. मी वापरला नाही, सरांनी वापरला नाही, बाकीच्यांनी वापरला. ऑगस्टमध्ये तो एकदा हरवला. कुणी हरवला मला माहीत आहे, सांगणार नाही. पंधरा दिवसांत नवा आला. त्या गावात लाकूड कोरणाऱ्यांची काय कमी.

नोव्हेंबरात मी निघाले. मुलांनी गाणं म्हटलं, बाईंनी खांगा दिली, तिच्या काठावर एक म्हण छापलेली असते. माझी खांगा भारतात छापलेली निघाली. नव्या वर्षी सरांची वर्गणी काही महिने मिळाली, मग थांबली. मी इकडून दोनदा पैसे पाठवले, तिसऱ्यांदा त्यांनी परत केले. ते आता अर्धा दिवस शाळेत आणि अर्धा दिवस बोडाबोडावर असतात. ती मुलगी फॉर्म टूची परीक्षा पास झाली. हे माझं श्रेय नाही, दार लावणाऱ्याचं आहे.

तुमच्यापैकी तिघाचौघांनी मघाशी चहाच्या वेळी मला विचारलं, फॉर्म कुठे मिळतो. देते मी. पण अर्ज करण्याआधी त्या संस्थेला ईमेल करा आणि दोन प्रश्न विचारा. या शाळेत हा विषय सध्या कोण शिकवतं? मी आल्यावर ती व्यक्ती काय करेल? उत्तर आलं नाही तर जाऊ नका. आणि जाण्याआधी तीन महिने भाषा शिका. स्वाहिली आपल्याला सोपी जाते, किताबू-कलामू निम्मं घरातच आहे.

सर आणि मी अजून बोलतो. भरतीची परीक्षा मी यंदा दिली, तेही त्यांच्याकडे अर्ज करत असतात. महिन्या-दोन महिन्यांनी त्यांचा निरोप येतो, यादी लागली का? मी विचारते, तुमची? स्वाहिलीत यावर एक शब्द आहे, 'बाडो'. म्हणजे अजून नाही. परवा रात्री त्यांनी लिहिलं, बाडो. मी लिहिलं, बाडो. मग त्यांनी वर्गाचा फोटो पाठवला. दार बंद होतं.